गोळी आणि आमेन

बाबा,

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, तरी मला अजून तुमच्याशी भांडावंसं वाटतं. भिवंडीतली आपली ती खोली आठवते. धाकटीला लहानपणापासून फिट यायच्या. लूमवरची ड्युटी संपवून तुम्ही यायचात, हातपाय धुवायचात आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आपण सगळे गुडघे टेकायचो. प्रार्थना झाली की तुम्ही तिच्या तळहातावर गोळी ठेवायचात. ती गिळेपर्यंत कुणी आमेन म्हणायचं नाही, हा तुमचा नियम. एकदा बाहेरगावचे एक उपदेशक घरी आले. म्हणाले, पोरीत दुष्टात्मा आहे, औषध बंद करा. तुम्ही बायबल त्यांच्यापुढं सरकवलंत. "प्रभूनं आजाऱ्याला औषध टाकून दे म्हणून कुठं सांगितलंय, दावा." ते तणतणत निघून गेले. देवाच्या माणसाचा अपमान केलात म्हणून मी फणकारले, तर तुम्ही मलाच झापलंत. "प्रभू मेलेला उठला हे शिष्याला पटंना, त्यानं खिळ्यांच्या जखमा बघायला मागितल्या, तर प्रभूनं हात पुढं केले. ज्याला इचारलेलं खपत न्हाय, त्याच्या मागं जायचं न्हाय."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. म्हणूनच की काय, यंदा मी तिला काल्हेरला एका गोडाऊनमधल्या सभेला घेऊन गेले. हो, मीच. तिथले पास्टर आपुलकीनं विचारपूस करायचे. तुमच्या माघारी आम्हाला तसं कुणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी ते तिला म्हणाले, "बेटी, गोली छोड, यकीन पकड." तिनं सोडली. मी घाबरत म्हटलं, "डॉक्टरांना एकदा विचारूया का?" तर म्हणाली, "ताई, तुझा विश्वासच कच्चा आहे." मी डॉक्टरांचं नाव पुन्हा काढलं नाही. कच्ची म्हणवून घ्यायची लाज वाटली, बाबा. रोज सकाळी ती चहा घ्यायची आणि मी तिच्या हाताकडे बघत बसायचे, थरथरतोय का म्हणून.

दोन आठवड्यांनी सभेत तिला बरी झाल्याची साक्ष द्यायला पुढं बोलावतात. ती माईक घेते, "मी बरी झाले" एवढंच म्हणते आणि कोसळते. पास्टर ओरडतात, "निकल रहा है! शैतान निकल रहा है!" ढोलक वाजायला लागतो. मी गर्दी लोटत पोचते, तिला कुशीवर वळवते. कुणीतरी माझं मनगट धरतं, "हाथ मत लगाओ, काम चालू है." मी हात झटकते आणि किंचाळते, "कुठं लिहिलंय हे? दाखवा!" पास्टर माझ्याकडे बघतही नाहीत. शेवटी बाहेर उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्यानं तिला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा कुठं ती वाचली.

आता ती ठीक आहे, गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. परवा तिनं विचारलं, "मी पडले तेव्हा तू काय केलंस?" "धावले," मी म्हटलं. खोटं नाही ते. पण धावायच्या आधी, सैतान निघतोय हे ऐकून, सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. तिचे ओठ निळे दिसेपर्यंत वाजवत होते. हे तिला सांगायची हिंमत होत नाही. तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही झापायला येणार नाही हे मला ठाऊक आहे.