सात गाणी आणि मुकी रिळं

दि. ४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आमच्या तबकड्यांच्या कंपनीने सिनेमे काढायला घेतले, हे तुला कळलंच असेल. पहिल्याची गाणी घरोघरी वाजतायत, त्यामुळे मालकांचे पाय जमिनीवर नाहीत. जुन्या गोदामाचा स्टुडिओ झालाय आणि तिसरा सिनेमा जोडायचं काम चक्क मला दिलंय. मी पहिल्यांदाच संकलक!

इथली तऱ्हा ऐक. आधी सात गाणी तयार झाली, मग त्यांच्यामधल्या जागा भरायला लेखकाला बोलावलं. गाण्याचा एक सेकंदही कापायचा नाही, अशी मालकांची ताकीद आहे. गोष्ट हवी तेवढी काप म्हणाले.

तुझा लोभ माझ्या कात्रीपासून लांब राहो.

बारक्या


दि. २० मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वर्गाला खुणांनी सांगितलं. माझ्या एकाही पोराला ऐकू येत नाही, पण त्यांच्या चौकशा किती, ते विचारू नकोस. फिती कशाने चिकटवतात? नायिका रडते तेव्हा तिला कोणी गप्प करत नाही का? उत्तरं पाठव, नाहीतर मला सोडणार नाहीत.

लहानपणी तू उघडलेलं एकही घड्याळ पुन्हा चाललं नव्हतं, म्हणून मला जरा धाकधूक आहे. वेळेवर जेवत जा.

माया आहेच, ती मागायला नको.

तुझी ताई


दि. १९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

सगळं आटोपलं. दुसरा सिनेमा आपटला आणि मालकांचं भागीदाराशी फाटलं. वाटणीत स्टुडिओ आणि चित्रं भागीदाराकडे गेली, आवाज कंपनीकडे राहिला. एकमेकांना काही द्यायला दोघंही तयार नाहीत. माझा सिनेमा पुरा झालाय, पण तो आता कोणी बघणारच नाही. आठ महिने डोळे फोडले गं. फार वाईट वाटतंय.

आवाज नसलेली एक प्रत कपाटात होती. भागीदार म्हणाले, मुक्या रिळांचं काय लोणचं घालायचंय, घेऊन जा. माझ्या खोलीत जागा नाही, म्हणून तुझ्याकडे पाठवतोय. शाळेच्या माळ्यावर टाकून दे.

बारक्या


दि. ८ डिसेंबर

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

माळ्यावर टाकली नाहीत. शाळेच्या प्रोजेक्टरवर चढवली आणि वर्गाला दाखवली. रागावू नकोस. पोरं जागची हलली नाहीत. सिनेमातली आई दार लावून घेते तिथे वर्गातली सगळ्यात दांडगट मुलगी डोळे पुसत होती, आणि मीसुद्धा.

मग प्रश्न सुरू. ही पोरं ओठ वाचतात. माणसं मधेच तेच तेच वाक्य पुन्हा का म्हणतात, असं विचारलं. मी सांगितलं, ते गाणं आहे. तर एकीचा प्रश्न, "पण मग गोष्ट का थांबली?" हा प्रश्न तुझ्यासाठी ठेवलाय. आणि दुसऱ्या गाण्यात नायिका मधूनच "पाय भाजतायत" म्हणते म्हणे. खरं का रे?

त्यांना पुन्हा बघायचाय, पण न थांबणारा. मी शब्द दिलाय, आता तू निस्तर.

तुझीच ताई


दि. २ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पायांचं खरं आहे. भर उन्हात तिला फरशीवर अनवाणी नाचवलं होतं. मी तो तुकडा शंभरदा पाहिला असेन, पण माझं लक्ष गाण्याच्या तालाकडे होतं. लाज वाटली.

शनिवारी येतोय. येताना कात्री आणि चिकटपट्टी आणतो. सातही गाणी काढणार आहे. गोष्ट सव्वा तासाची उरते आणि कुठेच थांबत नाही, माझ्या वहीतल्या नोंदींवरून मी दोनदा मोजून पाहिलं.

पोरांना सांग, मला एक खुर्ची धरून ठेवा. हा सिनेमा मी लोकांत बसून अजून एकदाही पाहिलेला नाही.

बारक्या