ओहोटीला टाकलेलं जाळं

रोशन गेट, छत्रपती संभाजीनगर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

अरफा बेटा,

सलाम. पत्रात आधी खुशाली लिहायची असते, म्हणून ती उरकते. तुझी अम्मी बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि दिवसभर जिना चढते-उतरते. रोजे दहा-बारा दिवसांवर आलेत, तिनं बेसन आणि खजूर आत्ताच भरून ठेवलेत. नळाला काल पाणी आलं. खुशाली संपली.

आता रागाचं. मी रागावते तेव्हा मराठीतच रागावते, हे तुला ठाऊक आहे. जन्मभर तीच शिकवली, तिच्यातच भाषणं केली, जिभेला धार तिथंच आली.

तुझे फोन आले. मी उचलले नाहीत. रागामुळं, असंच समज.

भामाबाईंनी मला अहवालाचे फोटो पाठवलेत. भामाबाई आठवतात ना? प्रबंधासाठी तू खाडीवर राहिलीस तेव्हा ज्यांच्या पडवीत झोपायचीस, ज्यांच्या होडीतून जाळं टाकायचीस, त्या. खाडीच्या तोंडाशी धक्का बांधायचाय, त्यासाठी कांदळवन तोडायचंय, म्हणून तुमच्या सल्लागार कंपनीनं खाडी तपासली. निष्कर्ष काय, तर पकडलेल्या बहुतेक पिल्लांची पोटं रिकामी निघाली. म्हणजे माशांची पिल्लं इथं चरत नाहीत. म्हणजे कांदळवन गेलं तरी मासळीचं काही बिघडत नाही. खाली तुझी सही.

फोटोंमागोमाग भामाबाईंचा आवाजातला निरोप आला. "बाई, तुमची पोर आमच्या घरातून कधी उपाशी गेली नाय. आता लिहिते, खाडीत पिल्लांना खायाला नाय. तिला विचारा, मग आम्ही इतकी वर्षं बाजारात काय चिखल विकला?"

तो निरोप मी पुन्हा पुन्हा ऐकला.

अगं, मला मासा ताटात कळतो. पाण्यातला मासा तू मला शिकवलास. ईदला बाटलीतून पिल्लं घेऊन आली होतीस, करंगळीच्या पेराएवढी. ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडलास तेव्हा अम्मी ओरडली होती, "अगे, वो मरे सो मच्छियां मेरे आटे के बाजू में नक्को रख!" तू हसलीस आणि मला म्हणालीस, "खाला, इथं डोळा लावा." तांबोशीच्या पिल्लाच्या पोटातून तू काढलेला तो कोळंबीचा डोळा मला अजून दिसतो. काळा, मोहरीहून बारीक, शाबूत.

मग तू सांगत सुटलीस. भरतीचं पाणी कांदळवनाच्या मुळांत शिरलं की पिल्लंही त्याच्यासोबत आत घुसतात, कारण तिथं मोठ्या माशाला वाट मिळत नाही. कुणी बारक्या कोळंब्या टिपतं, कुणी खेकड्यांची पिल्लं. बोयटाचं पिल्लू जरा वाढलं की चिखलावरचं शेवाळ खरवडायला लागतं. पाणी उतरलं की सगळी बाहेर. उबदार पाण्यात खाल्लेलं लवकर पचतं, काही तासांत पोट रिकामं. "म्हणून भरती फिरता फिरता जाळं ओढायचं, खाला. उशीर केला तर काहीच कळत नाही."

हे तुझे शब्द. आणि अहवालात जाळं टाकल्याच्या वेळा छापल्यात. मी त्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून पाहिल्या. सगळ्या ओहोटीच्या, तीही संपत आलेल्या ओहोटीच्या.

परवा तू मेसेज केलास, "खाला, एकही आकडा खोटा नाही. बोटीची वेळ ऑफिस ठरवतं."

बरोबर आहे. रोज्यात भर दुपारी मोहल्ल्यात यायचं, थंड चुली मोजायच्या, लोकांची पोटं चाचपायची आणि सरकारला लिहून द्यायचं, इथं कुणी जेवत नाही, ही घरं पाडायला हरकत नाही. त्यातही एक आकडा खोटा निघणार नाही. वेळ ऑफिसनं ठरवली असेल. सही करणाऱ्या हाताला तर घड्याळ होतं ना?

तुझे अब्बा तुला खाडीवर पाठवायला तयार नव्हते. "परक्या गावात एकटी पोरगी मच्छी पकडत बसणार?" मी म्हणाले होते, "भाईसाब, ती जे बघेल तेच सांगेल. जबाबदारी माझी." ते गेले. कब्रस्तानात जाऊन त्यांना आता कोणत्या तोंडानं सांगू?

अम्मीच्या कानावर सगळं आलंय. म्हणाली, "मच्छी का पेट खाली है तो अपने कू क्या, छोकरी का तो भरा है ना?" आणि मग निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसली.

धक्क्याची जनसुनावणी १७ तारखेला, मंगळवारी आहे; कंपनीकडून अहवाल मांडायला तू असशीलच. गावकऱ्यांनी बोलायला मला बोलावलंय. एरवी मी त्या मंडपात तुझं नाव घेऊन बोलले असते. भाची म्हणून एक शब्द गाळला नसता.

पण मला बोलता येत नाही. फोन न उचलण्याचं खरं कारण ते आहे. गेले काही आठवडे तोंड उघडलं की नुसती हवा येते. घाटी रुग्णालयातल्या डॉक्टरांना स्वरयंत्रावर गाठ दिसली. तुकडा काढून तपासायचाय. ती तारीख मी सुनावणीच्या पुढं ढकलून घेतली. अम्मीला वाटतं घसा बसलाय. तिला सांगायचं नाही.

तुलाही सांगणार नव्हते. माझी कीव येऊन तू खरं बोलावंस, हे मला नको. कीवेपोटी बोललेलं खरं उद्या दुसरं कुणी रडून फिरवील. तो कोळंबीचा डोळा तू पाहिला आहेस, म्हणून बोल. नोकरी जाईल. जाईलच, मी तुला खोटा धीर देणार नाही.

पुढच्या रविवारी निघतेय. भामाबाईंच्या शेजारी पहिल्या रांगेत बसेन. कुणाला काही म्हणायचंय का, असं अधिकारी विचारतील तेव्हा मी हात वर करेन. माइक माझ्याकडं येईल. तो मी तुझ्यासमोर धरेन, आणि तू बोलेपर्यंत हात खाली घेणार नाही.

तुला अजून माफ न केलेली,
तुझी शहजादी खाला