विसाव्यापुरती जागा

मी, श्रीमती लीलाबाई जोतीराम आगवणे, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा शेती, राहणार वडगाव निंबाळकर, तालुका बारामती, हे मृत्युपत्र स्वखुशीने सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. घालून पाहिला, पण लागू पडला नाही. वकीलसाहेब म्हणतात, "आजी, घरच्या गोष्टी यात कशाला?" माझी मिळकतच घरची आहे, तेव्हा त्यांनी मी सांगेन तसे लिहावे.

१. राहते घर, कॅनॉलकडचे उसाचे रान, गोठा, जर्शी गाई आणि कारखान्याचा शेअर हे सर्व मुलगा रणजित याला द्यावे. वडील गेल्यावर त्याने रान पडू दिले नाही. हे श्रेय मी भांडणापायी काढून घेणार नाही.

२. माझ्या पाटल्या आणि बोरमाळ मुलगी अनिता हिला. ती बारामतीत फ्लॅटमध्ये राहते. तिच्या सोसायटीत 'मोकळी जागा' अशी पाटी आहे, आत हिरवळ आहे आणि हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. मी तिथे कडेला कुरडया वाळत घातल्या, तर वॉचमन पळत आला. "आजी, हितं चालत न्हाय." मग हितं काय चालतं रं, असे मी विचारले. तो बिचारा म्हणाला, "साहेब लोकं सकाळी चालत्यात." अनिताला तेवढे पुरते. तिला माझा बोल नाही.

३. सुप्याकडे, माझ्या माहेरी, माळाचा एक तुकडा माझ्या नावे आहे. तो भाऊ भिमा याला. तिथे विहीर नाही, पीक नाही. चिंकारा येतो, उन्हात उभा राहतो, जातो. हल्ली लोक हरणे बघायला येतात आणि त्यांच्याच मागे गाड्या घालतात. भिमाने त्यांना हाकलावे, आणि कोणाच्या सांगण्यावरून तिथे झाडांसाठी खड्डेही घेऊ नयेत. गवताची जागा गवतालाच राहू दे. लहानपणी त्या माळावर हाक मारली की ती कुठे अडायची नाही. लग्न होऊन इथे आले, तर ऊस पार दारापर्यंत. पहिल्या वर्षी मला श्वास पुरत नसे. हे मी कधी कोणाजवळ बोलले नव्हते.

४. आता ओढ्याच्या वाटेवरचे माझे खळे. मळणीयंत्र आल्यापासून तिथे कोणी ज्वारी मळत नाही, म्हणून रणजितला ते रिकामे दिसते. बाया तिथे पापड वाळवतात, पोरे क्रिकेट खेळतात, ते त्याला दिसत नाही. "आये, रोड-टच जागा हाय. गाळे काढू. नुसती पडून हाय." पडून आहे म्हणून तर सगळ्यांच्या उपयोगाची आहे, हे मला त्याच्या गळी उतरवता आले नाही. परवा मला न विचारता त्याने तिथे वाळू ओतली.

आमच्या आळीची रीत अशी, की मयत नेताना ओढ्याअलीकडे विसाव्यावर तिरडी टेकवायची, तोंडावरचे कापड बाजूला करायचे, खांदे बदलायचे. बायका तिथवरच जातात, शेवटचे बघतात आणि मागे फिरतात. ती विसाव्याची जागा शेजारच्या गोकुळरावांनी नांगरून उसात घातली. पुढे रणजितचे वडील गेले. घरात रडारडीत मला त्यांचे तोंड धड दिसले नव्हते. म्हटले, विसाव्यावर बघीन. आम्ही बाया निघालो, तर पुढून आरोळी आली, "बायांनो, म्हागं फिरा! म्होरं ठिवायला जागा न्हाय." दोन्ही अंगांनी ऊस. तिरडी न टेकता गेली. जन्माचा जोडीदार मला नीट बघू दिला नाही. तो राग मी कोणाच्या नावे करत नाही, बरोबर नेणार आहे.

म्हणून खळे सून राजलक्ष्मी हिच्या एकटीच्या नावे करते. ते विकू नये, बांधू नये, त्यात ऊस लावू नये. आळीतल्या प्रत्येक मयताला तिथे विसावा मिळावा, गोकुळरावांच्या घरच्यालासुद्धा. तिला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "आत्या, ह्यांच्या म्होरं माझं चालंल का?" मी म्हटले, "नाव तुझं हाय, चालवाय लागंल. तुलाबी याच वाटंनं जायचंय." ती रडली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. माझा जीव तिथे अडकला आहे.

५. असले कागद तेराव्यानंतर उघडतात. तोवर गाळ्यांचा पाया भरून होईल. म्हणून आमच्या आळीतली अंगणवाडीची संजीवनी हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. तिचा आवाज खणखणीत आहे. एक प्रत तिच्याजवळ राहील. मला खळ्यावर टेकवल्यावर, बायका मागे फिरण्याआधी, तिने चौथे कलम मोठ्याने वाचावे. वाळू असली तर वाळूवर ठेवा. बांधकाम असले तर रस्त्यावर ठेवा. एसटी थांबली तर थांबू दे. मग रणजितने सगळ्यांदेखत बायकोकडे बघून 'व्हय' म्हणावे. तो व्हय म्हणेपर्यंत मला कोणी उचलू नये.

लिहून देणार: लीलाबाई जोतीराम आगवणे (सही)

साक्षीदार:
संजीवनी दीपक लोणकर (सही)
गोकुळ गेणू आगवणे (सही)

ठिकाण: बारामती. दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५.

सहीखाली माझ्या सांगण्यावरून एवढे जोडावे: साक्षीदाराने सही होताना बघायची असते, मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, हे वकीलसाहेबांनी सांगितले. गोकुळरावांनी वाचला नाही. ते मला खांदा द्यायला येतीलच, तेव्हा ऐकतील.