मागचे दिवे

प्रिय शंतनू,

डबी उघडलीस की वरच जादाचा रिले दिसेल, आणि खाली कागदाच्या पुडीत फ्यूज. ते गाडीच्या कप्प्यात टाक आणि हे पत्र कुठेतरी एकटा बसून वाच. आईसमोर नको, आणि नेहासमोर तर नकोच. फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि आवाजी निरोप पाठवावा तर तो मंडईतल्या सगळ्या हमालांना ऐकवल्याशिवाय तुझा चहा उतरत नाही. म्हणून इंदूरहून सतवासला निघणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे ही डबी देतेय. तुझं शिक्षण सगळं हिंदीत झालं, मराठी वाचताना तू जोडाक्षरापाशी अडतोस, ठाऊक आहे मला. अड हवा तर, पण शेवटपर्यंत वाच. "दीदी का भाषण आया" म्हणत मध्येच घडी घालायची नाही.

आधी दिव्यांचं सांगते. रविवारी मी लावून गेले ते दोन्ही दिवे रिव्हर्स गिअर टाकल्यावरच लागतील असे जोडलेत. गाडीचा मूळचा तो मिणमिणता मागचा दिवा आहे ना, त्याच्या तारेवरून रिलेला फक्त इशारा जातो. दिव्यांना लागणारा करंट बॅटरीतून जाड तारेनं, फ्यूजमधून येतो. तेव्हा उद्या एखादा मेकॅनिक भिया "रिले की क्या जरूरत" म्हणत तार सरळ जोडून द्यायला लागला, तर त्याला चहा पाज आणि घरी पाठव. तार तापेल आणि गाडी पेटेल. सायलेन्सरपासून मी तार लांब बांधलीय, तरी कच्च्या रस्त्यानं पट्टी ढिली होते. आठवड्यातून एकदा वाकून बघत जा. पीथमपुरच्या कारखान्यात आमच्या लाइनवर आम्ही बायका दिवसभर गाड्यांच्या तारांच्या जुड्याच बांधतो. पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: जोड दिला की तार ओढून बघायची. वरून घट्ट दिसणारा जोड कितीदा नुसता टेकलेला असतो. ही सवय हाताला इतकी लागलीय की घरी माझ्या किमयाच्या वेणीची रिबिनसुद्धा मी बांधून झाल्यावर ओढते, आणि ती ओरडते.

दिवे लावायचं माझ्या डोक्यात आलं ते मागच्या खेपेला. तुझ्या गल्लीत गाडी वळत नाही, म्हणून तू ती मागे मागे घेत परसात घालतोस, आणि परसाच्या टोकाला घरमालकाची ती विहीर. कठडा एका बाजूनं पूर्ण ढासळलेला. दिवस मावळत होता, मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तू उलटा येत होतास आणि गाडीच्या मागे, फाळक्यावर तळहात टेकवून, नेहा उलट्या पावलांनी विहिरीकडे सरकत होती. "आन दो, आन दो" म्हणत होती, आणि मग फाळक्यावर दोन थापा, की तू थांबलास. पुढे गाडी, मागे विहीर, मधे ती. तू खिडकीतून तोंड काढून मला ऐकवलंस की नेहाचा हात फाळक्यावर असला की तुला आरसाही लागत नाही. आई हसली. मला हसू आलं नाही, शंतनू. घरमालकाला कठड्याचं बोल, हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. तू म्हणशील, बोललो. बोललास तर पुन्हा बोल. त्याच्या दारात जाऊन बस.

मधेच तुमचं लग्न आठवतंय. सरदारपुरातलं. दिवसाचेही मुहूर्त चांगले होते, पण आईला गोरज मुहूर्तच हवा, आपल्याकडे सगळ्यांची लग्नं गोरजावर झाली म्हणून. सप्तपदीपर्यंत उजेड उतरला, आणि मांडवातली वीज जात-येत होती. नेहाचं पाऊल तांदळाच्या पुंजावर पडायचं ते दर वेळी बाजूलाच पडत होतं. तुझं उपरणं तिनं असं धरलं होतं की ते खांद्यावरून ओढलं जाऊन तुझी मान वाकडी झाली. आपण सगळे किती हसलो! मीच सगळ्यात मोठ्यानं म्हटलं होतं, की बघा, आत्तापासूनच नवऱ्याला मुठीत धरलंय. ती पण हसली होती. तो फोटो आईनं देव्हाऱ्याशेजारी लावलाय. या खेपेला मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते.

आता रविवारचं. दुपारभर मी गाडीखाली आणि नेहा माझ्याशेजारी मातीत. "पक्कड" म्हणायच्या आत पक्कड हातात. तारेचं टोक मी सोलून दिलं की ती नळीत ओवून देई, तेही माझ्या लाइनवरच्या मुलींपेक्षा सफाईनं. मी तिला म्हटलंसुद्धा, की चल पीथमपुरला, शिफ्टच्या बसमध्ये माझ्याशेजारची जागा धरून ठेवते. मग ऊन उतरलं. तू क्लॅम्प आणायला बाजारात गेलास. मी काळी तार मागितली, तिनं लाल दिली. टेप मागितली. टेप तिच्या गुडघ्याला लागून पडली होती, आणि ती तळहात मातीवर फिरवत राहिली. मला तर अजून भिंतीवरची मुंगी दिसत होती. मी उगीच विचारलं, दोरीवर कपडे राहिलेत का गं? ती म्हणाली, "आहेत ना वन्सं, आत्ता काढते." कपडे मी केव्हाच काढून आत नेले होते.

टेप मी स्वतःच उचलली. तू आलास, क्लॅम्प बसले, दिवे लागले, सगळं परस पांढरं झालं आणि तू लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्यास. मला वाटलं, सुटले. आता तुला मागचं सगळं दिसेल, मागे कुणी उभं राहायची गरजच उरणार नाही. बसमध्ये येताना मी चक्क झोपले.

पण काल तुझा फोन आला. लसणाच्या हंगामात आता अंधार पडल्यावरच्या फेऱ्याही घेणार म्हणालास, कारण मागे दिवे आहेत आणि नेहा तर गाडीत बरोबर असतेच. वर हसत हसत सांगितलंस, दिवे असे जबर की नेहा ओढणी डोळ्यांवर धरून उभी राहते, आणि परवा तर घाबरून विहिरीकडेच तोंड करून "आन दो, आन दो" म्हणत होती. तू हसत होतास. तेव्हापासून विचार करतेय, दिवे खाली झुकवले तर? एकच ठेवला तर? पण हे दिवे झुकवून सुटण्यातलं नाही.

म्हणून लिहितेय. अंधारून आलं की नेहाला दिसत नाही, शंतनू. लहानपणापासून नाही. निघायच्या आधी मी तिला न्हाणीघरापाशी गाठून विचारलं, तेव्हा तिनं माझे दोन्ही हात धरले. आधीच्या एका स्थळाला तिच्या घरच्यांनी खरं सांगितलं होतं, ते मोडलं. मग तुमच्या वेळी कुणी सांगितलं नाही. गाडी किती जवळ आली हे ती आवाजावरून ओळखते, आणि हात फाळक्यावर ठेवते तो तुला वाट दाखवायला नव्हे, स्वतःला आधार म्हणून. तुझे दिवे तोंडावर आले की तो आधारही जातो, कुठली बाजू कुठली हेच तिला कळेनासं होतं. तरी ती उभी राहते, कारण चार लोकांत तू तिच्या हाताचं कौतुक करतोस आणि ते तिला मोडवत नाही. "वन्सं, यांना सांगू नका," म्हणाली. मी हो म्हटलं होतं, आता शब्द मोडतेय. ती माझ्याशी बोलायची बंद होईल. होऊ दे, पण बोलायला ती असू दे. तिच्यावर ओरडू नकोस, आणि आईला आत्ता काही सांगू नकोस; डोळ्यांच्या डॉक्टरांकडे इंदूरला मी येते तुमच्याबरोबर, औषध असेल नसेल ते तिथे कळेल. आज संध्याकाळी फक्त एवढं कर. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबव. ती सवयीनं उतरायला लागेल, दार उघडू देऊ नकोस, तिला तुझ्या शेजारीच बसव. आधी तू स्वतः उतर, मागे जाऊन विहीर बघून ये, मग गाडी घाल. लग्नात तिनं तुझं उपरणं धरलं होतं तसं हवं तर तुझी बाही धरू दे तिला, आणि या खेपेला हसू नकोस. गाडी परसात लागली की मला फोन कर. मी फोन हातात धरून बसलेय.

तुझीच,
अल्पनाताई