थोरलीच्या रेघा, धाकटीचा रंग

मी खाली सही करणारी, जुन्या शर्यतीच्या सायकली पुन्हा उभ्या करण्यात हयात घालवलेली, आणि या बाजारात ‘थोरली’ याच नावाने ओळखली जाणारी विधवा बाई, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवते. अक्षर माझे स्वतःचे आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी विचारले, “कोणावर राग वगैरे?” मी म्हटले, “राग नाही. मत्सर आहे. तो आजारात धरतात का?” ते म्हणाले, “धरला असता तर मला दवाखाना वाढवावा लागला असता.”

तो मत्सर कोणाचा, हे पुढे येईलच. मिळकतीची वाटणी त्याच्याशिवाय समजायची नाही.

कलम १. राहत्या घराचा वरचा मजला माझ्या नावावर आहे. तो, माझी बँकेतली शिल्लक आणि अंगावरचे दागिने माझ्या मुलाला मिळावेत. मुलगा परगावी असतो, सज्जन आहे. त्याच्याविषयी माझी एकच तक्रार आहे. फोन केला की पहिला प्रश्न, “काकू कशी आहे?” मग माझी चौकशी. लहानपणीही शाळेतून आला की दप्तर माझ्या मजल्यावर टाकायचा आणि स्वतः खाली काकूकडे. ताप आला तरी तिच्याच मांडीवर. मजला विकायचा झाल्यास आधी काकूला विचारावे. तो तसाही विचारणारच आहे, पण माझ्या सांगण्यावरून विचारल्याची कागदावर नोंद असावी.

कलम २. कारखान्यातील माझा अर्धा हिस्सा, म्हणजे रंगाची भट्टी, फवाऱ्याचे यंत्र, सायकल अडकवायचे स्टँड आणि रस्त्याकडचे दार, माझी धाकटी जाऊ, म्हणजे मुलाची काकू, हिला मिळावा. उरलेला अर्धा तिचाच आहे. मधली प्लायवुडची भिंत आम्हा दोघींचे नवरे गेल्यावर मी हट्टाने घालून घेतली. ती काढायची की ठेवायची, हे धाकटीने ठरवावे.

हिस्सा तिला का, हे वकीलबाईंनी दोनदा विचारले. “तुमचं तर तिच्याशी जमत नाही म्हणतात.” म्हणून सविस्तर लिहिते.

हा कारखाना दोघा भावांचा. माझे पती नळ्या सरळ करीत, गंजलेले भाग बदलीत. दीर गिअर आणि ब्रेक बघत. रंग माझ्याकडे होता. सांगाड्यावरचा जुना रंग मी पार पत्र्यापर्यंत खरवडायची, खळग्यांत लांबी भरायची, प्रायमर मारायची, वर तीन हात रंग, आणि शेवटी लांब केसांच्या ब्रशाने नळ्यांच्या जोडांभोवती बारीक रेघ. माझ्या हातून निघालेली सायकल आदल्या दिवशी जन्मल्यासारखी दिसे. लोक आरशासारखे तीत तोंड बघत. तेव्हा या घरात रंगाचे दुसरे माणूस नव्हते.

मग दिरांचे लग्न झाले आणि धाकटी आली. दिसायला साधी, आवाज इतका हळू की समोरच्याला कान पुढे करावा लागे. मी तिला रंगाचे डबे धुवायला बसवले. डबे धुता धुता ती रंग बघायला शिकली. एके दिवशी उन्हाने विटलेल्या हिरव्या सायकलीवर खपली उडाली होती, तिथे तिने मला न विचारता रंगाचा टिपका लावला. हिरव्यात थोडा तपकिरी, त्यात किंचित पिवळा, असे काहीतरी. नंतर मला तो टिपका शोधून सापडेना. मी म्हटले, “कुठे लावलास?” ती म्हणाली, “ताई, मलाच आता दिसत नाही.”

त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागले ते आजतागायत थांबलेले नाही.

कलम ३. लाल सायकलीचा प्रकार जुन्या गिऱ्हाइकांना उलटसुलट माहीत आहे, म्हणून खरा प्रकार नोंदवते.

‘वारा’ या टोपणनावाचे एक नावाजलेले शर्यतवाले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली लाल सायकल आमच्याकडे आणली. अशा सायकलीची मी वर्षानुवर्षे वाट बघत होते. मी म्हटले, “पूर्ण उतरवू, नवा लाल मारू, सोनेरी रेघा घालू. लग्नातल्यासारखी उभी करते.” धाकटी मागून हळूच म्हणाली, “उतरवू नका हो. जेवढं गेलंय तेवढंच भरू.” वाऱ्यांनी आमच्या यजमानांकडे पाहिले. आणि आमचे यजमान, माझे स्वतःचे लग्नाचे यजमान, म्हणाले, “धाकटीकडे द्या.”

वारा सायकल न्यायला आले तेव्हा मी मुद्दाम माझी नवी केलेली निळी सायकल दारातच उभी केली होती. तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. लाल सायकलीच्या वरच्या नळीवर एका ठिकाणी रंग झिजून पत्रा दिसत होता, तिथे त्यांनी अंगठा फिरवला.

“हे भरायचं राहिलं का?”

“राहिलं नाही,” धाकटी म्हणाली. “ते तुमच्या गुडघ्यानं झिजवलंय. मी कशाला भरू?”

तो दांडगा माणूस आमच्या दारात लहान मुलासारखा रडला. रात्री जेवताना यजमान म्हणाले, “असा हात आपल्या घरात दुसरा नाही.” मी ताट उचलले आणि म्हटले, “मग त्याच हातचं जेवा.” ते खरेच खाली जाऊन जेवून आले. वर येऊन म्हणतात, “आमटी तुझीच बरी.” तेवढ्यावर मी झोपले, पण झोप लागली असे म्हणणार नाही.

यजमान गेले त्याला बराच काळ लोटला. त्यांच्याविरुद्ध माझा दावा नाही. ते वाक्य मात्र त्यांनी मागे घ्यायला हवे होते.

कलम ४. रेघांविषयी जाहीर निवेदन. हे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, अशी माझी सूचना आहे.

भिंत घातल्यानंतर मी माझ्या बाजूला आणि ती तिच्या. प्लायवुडातून सगळे ऐकू येई: गिऱ्हाईक आले की त्यांचे हसणे, खुर्ची ओढणे. माझ्याकडे येणारे काम सांगून जात, तिच्याकडे येणारे बसून जात. एका दुपारी पलीकडे ब्रश पडल्याचा आवाज आला. पुन्हा पडला. पुन्हा. मी वळसा घालून गेले. धाकटी पुढच्या चाकाच्या चिमट्यावर रेघ ओढत होती, पुसत होती, पुन्हा ओढत होती. फडके सोनेरी झाले होते.

“ताई, हात ऐकत नाही,” ती म्हणाली.

हात असा थरथरत होता की मला बघवेना. डॉक्टरांनी पुढे त्या थरथरीला लांबलचक नाव दिले. टिपके लावायला ती एका हाताने दुसरे मनगट धरते, ते अजून जमते. लांब रेघ मात्र संपली.

मी ब्रश उचलला आणि रेघ ओढली. दया आली म्हणून ओढली, असा कोणी समज करून घेऊ नये. रेघ कशी असते ते मला तिला दाखवायचे होते. इतकी सुरेख रेघ माझ्याकडून माझ्या स्वतःच्या सायकलीवरही कधी आली नव्हती. तिच्या त्या जुन्या, मुरलेल्या रंगावर ती बसली, आणि मी दोन पावले मागे जाऊन नुसती बघत राहिले.

तेव्हापासून तिच्याकडच्या प्रत्येक सायकलीची रेघ माझी आहे. आणि तेव्हापासून मी भिंतीपलीकडून ऐकत आले: “काय रेघ आहे हो!” “रेघ बघावी तर तुमच्याकडची!” धाकटी काय उत्तर देई ते तिच्या त्या आवाजामुळे कधी ऐकू आले नाही. मान खाली घालून, गोड हसून सगळे गिळत असणार, असे मी धरले. माझ्याच हाताच्या कामाचा मला हेवा वाटू लागला. हे दुखणे कोणाला झाले असेल तर त्यानेच समजून घ्यावे.

सबब जाहीर करते की सदर सर्व रेघा माझ्या आहेत, धाकटीच्या नाहीत.

कलम ५. कलम ४ मधील शेवटचे वाक्य आणि मोठ्याने वाचण्याची सूचना मी मागे घेत आहे. कारण येणेप्रमाणे.

वकीलबाई म्हणाल्या, “एखाद्या बाईच्या धंद्यावर परिणाम होईल असं लिहिताय, तर तिला आधी सांगा.” मला ते पटले. मी कागद घेऊन पलीकडे गेले आणि कलम ४ तिला वाचून दाखवले. रंग ढवळता ढवळता तिने सगळे ऐकून घेतले.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “लिहा की. मी तर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतेच.”

“काय सांगतेस?”

“रेघा थोरल्या ताईंच्या आहेत म्हणून. निम्मे लोक आता त्यासाठीच येतात.”

“मग मला कोणीच कसं काही बोललं नाही?”

“तुम्ही बोलू देता का कोणाला? दारात माणूस आलं की तुमच्या कपाळाला आठी. बिचारे माझ्याकडे कौतुक करून पळतात.”

मी विचारले, “आणि तू? तू तरी सांगायचंस.”

“मला वाटलं, तुम्हाला ऐकू येतं सगळं,” ती म्हणाली. “भिंत केवढी पातळ आहे.”

एवढी वर्षे मी ज्याची चोरी झाली म्हणून जळत होते, ते तिने रोज माझ्या नावाने वाटले होते. आता वाचणाऱ्याला वाटेल की माझा मत्सर तिथे संपला. संपला नाही. मनाच्या मोठेपणातही ती माझ्यापेक्षा वरचढ निघाली, हे मी कुठे ठेवू? माझी जागा तिच्या खालच्या पायरीवर नव्हती, तिच्या शेजारी होती, आणि ती जागा तिनेच राखून ठेवली होती. कलम २ मधील हिस्सा तिला का, याचे उत्तर वकीलबाईंनी यातून काढावे.

कलम ६. माझे लांब केसांचे ब्रश पुतणीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला, मिळावेत. ती दातांची डॉक्टर आहे. हल्ली सुट्टीच्या दिवशी येते आणि पत्र्याच्या तुकड्यावर रेघा ओढून बघते. परवा धाकटी तिला म्हणाली, “तुझा हात अगदी ताईंसारखा आहे.” माझ्यासारखा! मी शेजारीच उभी होते. मुलीचा हात चांगला आहे, हे मला दिसते आणि ते मला आवडत नाही. ब्रश माझ्या हयातीत तिने धुवायलाही घेऊ नयेत. माझ्यानंतर खुशाल घ्यावेत आणि केस वाळण्याआधी तेल लावून ठेवावेत.

कलम ७. माझी स्वतःची सायकल, जिच्यावरून मी रोज येते-जाते, ती कोणाला देऊ नये, विकू नये. लोकांच्या सायकली करण्यात तिच्यावर रेघ घालायची राहून गेली. रंग धाकटीनेच मिसळलेला आहे. तेवढे मी तिला करू दिले होते. माझ्यानंतर तिच्यावर रेघ ओढावी आणि ती धाकटीने ओढावी. स्वतःच्या हाताने. पुतणीने तिचे मनगटसुद्धा धरू नये. मी जाते ना जाते तोच माझ्या जागी दुसरे कोणी धाकटीच्या रंगावर वाकलेले मला, मेले तरी, बघवणार नाही.

हे कलमही मी तिला वाचून दाखवले. तिने आपला हात समोर धरून पाहिला.

“ताई, वाकडी येईल हो.”

“येऊ दे,” मी म्हटले. “ती कोणाची, हे तरी कोणाला विचारावं लागणार नाही.”

येथवर लिहिले ते मी स्वतः वाचून पाहिले, ते माझेच आहे, आणि त्यातले काही कमी करायचे नाही.

स्थळ: कारखाना, धाकटीच्या बाजूची खोली.
दिनांक: आजचा, कारखान्याच्या सुट्टीचा वार.

(सही) थोरली

आमच्या समक्ष सही केली. सही करताना हात स्थिर होता.

साक्षीदार १: (सही) शेजारचे चष्मेवाले
साक्षीदार २: (सही) चाकांच्या तारा ओढणारे, कारखान्याचे जुने कारागीर

टीप: धाकटी लाभार्थी असल्याने तिची सही साक्षीदार म्हणून चालत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. सही होईपर्यंत ती दाराबाहेर उभी होती.