सात हिरवे तुकडे

अंबत्तूर, चेन्नई
१२ जानेवारी २०२५

ती. शिवगंगा आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आज सकाळी लिंगपूजा उरकून पहिल्या लोकलने जुन्या रेल्वे वसाहतीमागच्या दफनभूमीत गेलो. आजोबा सापडले, आत्या. तू सांगितलीस तशीच कडुनिंबाखाली, पिंड कोरलेली समाधी. नाव तमिळमध्ये आहे. वीस वर्षं इथल्या कारखान्यात काढून मला तमिळमध्ये भांडता येतं, वाचता येत नाही. बेल वाहिला, भस्म लावलं, तू पाठवलेल्या तंबाखूची चिमूट ठेवली. आता दर रविवारी जाईन. फोनवरचं तुला ऐकू येत नाही, म्हणून फोटो पाकिटात घातला आहे.

मायेत अंतर नसावं.
तुझा विश्वजित

उदगीर
३ फेब्रुवारी २०२५

चि. विश्वजितास अनेक आशीर्वाद.

फोटो भिंग लावून तीनदा पाहिला. आपलं माणूस पंचाहत्तर वर्षांत तिकडे फिरकलं नाही, मग आप्पांना हा नवाकोरा निळा रंग कुणी दिला? मी तेव्हा सात वर्षांची. ओल्या चुन्यात माझ्या फुटलेल्या हिरव्या बांगडीचे सात तुकडे दाबले होते. ते बघ आणि खरं काय ते कळव. आप्पांची जागा कळली की मी मोकळी. ऐंशी उलटलेल्या बाईला फार वाट पाहायला लावू नये.

सुनबाईला आशीर्वाद. तुला उपाशी पाठवते का ती?
तुझी आत्या

अंबत्तूर, चेन्नई
१६ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी लबाडीच्या बेतात होतो. त्या समाधीवर तुकडे नव्हते. बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या. फोडून सिमेंटात बसवायच्या आणि तुला फोटो धाडायचा, असं ठरवलं.

गेल्या रविवारी पिशवी घेऊन गेलो, तर तिथे राममूर्ती नावाचे गृहस्थ पहाऱ्याला बसलेले. ती त्यांची आजी निघाली. आजीला चोरून तंबाखू कोण देतो, यावरून तिघा भावांत दोन महिने अबोला होता. देवासमोर उभा असल्यासारखं मी सगळं कबूल केलं. ते पोट धरून हसले. म्हणाले, “आमची पाटी, म्हणजे आजी, तंबाखू खायचीच. तुम्ही थांबवू नका.”

मग आम्ही दोघांनी मागची काटेरी झुडपं तोडली. तिथे एक बुटकी समाधी होती. काथ्याने घासल्यावर चुन्यात हिरवं चमकलं. पाच तुकडे आहेत, आत्या. दोन जागा रिकाम्या आहेत. आज तंबाखू आधी आजोबांना दिली, मग पाटीला.

लोभ आहेच, सोबत थोडा रागही चालेल.
तुझा विश्वजित

ता. क. त्या दोन जागा भरल्या नाहीत. बांगड्या कापसात गुंडाळून आज तुझ्या नावाने पाठवल्या. मापात बसतात का, कळव.