पाच-पाच मिनिटांच्या ओव्या

आबा, तुम्ही ज्याचा जबडा मोडलात तो माणूस परवा माझ्या दुकानात आला होता. चकलांब्याचे काका. तुमच्या धनगरी ओवीमागं वर्षानुवर्षं झील धरणारे, म्हणजे तुमची ओळ संपली की मागून सूर ओढणारे, आणि मग भांडून वेगळी जोडी केलेले. आता लेकीकडं केजलाच असतात. त्यांची डावीकडची हनुवटी आत गेलीय, बोलताना तोंड एका बाजूला ओढतं आणि लाळ गळते, ती ते खांद्यावरच्या टॉवेलनं पुसत राहतात. तुमच्या एका फटक्याचं काम आहे ते. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि उगाच माउस धरून बसले. तुम्हाला जाऊनही लई वर्षं झाली. चोराला हाणला, असं म्हणतच तुम्ही गेलात. ते चोर नव्हते, आबा. एवढं तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. आणखी एक सांगायचं राहिलंय, ते लिहायला जमतंय का बघते.

तुम्ही लई मारकुटे होता. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं गोड लिहायचा मोह होणार नाही. मेंढराला कधी काठी लावली नाहीत, पण घरात काठी बोलायची. बाभळीची, खाली लोखंडी टोपण बसवलेली. मायचं डावं मनगट तुम्ही मोडलंत ते अंघोळीचं पाणी कोमट होतं म्हणून. तेव्हापासून ती एका हातानं भाकरी थापायची, दुसरा हात नुसता परातीला टेकवून. मी सासरहून दीड वर्षात परत आले तेव्हा आता आपली बी पाळी असंच मला वाटलं होतं. तुम्ही काठीला हात लावला नाहीत. कळपातले दोन एडके बाजारात नेलेत, विकलेत, आणि केजच्या कॉम्प्युटर क्लासला माझं नाव घातलंत. गावात कुणी टोमणा मारला तर सांगायचात, माजी लेक मशीन चालवती. त्या एडक्यांपैकी एक तुमचा फार लाडका होता, तुमच्या मागं मागं यायचा. तुमचा राग करायला बसले की हा एडका मधेच येतो आणि मला नीट चिडू देत नाही.

मग मी केजमधल्या कॅसेटच्या दुकानात कामाला लागले. तेव्हा सीडीचे दिवस होते. लोक जुन्या कॅसेटी आणायचे, कुणी नवीन रेकॉर्डिंग करायचे, मी त्याच्या सीड्या करून द्यायची. सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की तो इंटरनेटवरच्या एका मोठ्या यादीला विचारायचा, ही कुणाची सीडी, आणि पडद्यावर नावं यायची. लई गमती व्हायच्या. कपिलधारच्या यात्रेला जाणाऱ्या एका मंडळाचं भजन घातलं तर पडद्यावर कुठल्या तरी गोऱ्या बँडचं नाव आलं, मंडळाचे अध्यक्ष तिथंच हसून हसून खाली बसले. असं कावून होतं ते मी शोधून काढलं. कॉम्प्युटर गाण्याचा एक शब्द ऐकत नाही. सीडीवर तुकडे किती आणि प्रत्येक तुकडा किती लांब, एवढंच तो मोजतो. यादीत तेवढ्याच मापाची सीडी सापडली की तिचं नाव दाखवून मोकळा होतो. आणि यादीत नावं भरणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच. सापडलं नाही तर एक चौकट यायची, नाव टाका आणि पाठवा.

तुमच्या ओवीला कुठं तुकडे असतात, आबा. बिरोबाचं एकदा सुरू केलंत की तास गेला तरी थांबणार नाही. पण सीडीला तुकडे लागतात, नाहीतर मधूनच ऐकायचं म्हटलं तर माणसानं काय करावं. दुकानमालकानं शिकवलं होतं, सरळ पाच-पाच मिनिटांवर काप. म्हणून ओवीची कुठलीही सीडी असो, मी बरोबर तासावर तोडायची आणि माझ्या हातून बारा तुकडेच निघायचे, पाच-पाच मिनिटांचे, मापाला सेकंदाचा फरक नाही. त्यातली पहिली चकलांब्याच्या काकांची होती. चौकट आली, मी हौसेनं त्यांचं नाव, गाव सगळं टाकलं आणि पाठवलं. जगाच्या यादीत आपल्या जिल्ह्यातला माणूस घातला म्हणून मी त्या दिवशी चहा पाजला सगळ्यांना. पुढच्या महिन्यात पाटोद्याकडच्या एका म्हाताऱ्याची ओवी केली, तर पडद्यावर काकांचंच नाव. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आता ओवी कुणाचीही असू दे, माप तेच, म्हणून नाव हेच येणार. मला हसू आलं आणि मी पुढच्या कामाला लागले.

मग तुमची सीडी केली. तुम्ही दुकानात स्टुलावर बसून पूर्ण ऐकलीत. दोन तुकड्यांच्या मधे मशीन दोन सेकंद गप्प बसायचं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तुमची मान वळली. दुसऱ्यांदा झालं तेव्हा तुम्ही उठलात आणि गिऱ्हाईकांसमोर माझ्या कानशिलात अशी लगावलीत की उजवा कान संध्याकाळपर्यंत नुसता वाजत होता. म्हणालात, गाणं काय बोकड हाय व्हय, खांडोळ्या करायला. मालक मधे पडला नसता तर आणखी खाल्ली असती. त्या कानानं मला आजही फोनवर नीट ऐकू येत नाही, मी फोन डावीकडं धरते. आणि तरी ती सीडी तुम्ही सदऱ्याच्या खिशात घालून, वरनं हात ठेवून घरी नेलीत, ते मी मागून चालताना बघत होते.

चार दिवसांनी तुम्ही ती आपल्याकडच्या पुढाऱ्याकडं घेऊन गेलात. त्यानं शब्द दिला होता की त्याच्या कार्यक्रमात वाजवीन. त्याच्या बैठकीत इंटरनेट जोडलेला कॉम्प्युटर होता, वीस-पंचवीस माणसं बसलेली. त्यानं सीडी घातली, पडद्यावर चकलांब्याच्या काकांचं नाव आलं, तेही गावासकट. पुढारी म्हणाला, काय बे, दुसऱ्याची शेळी आपल्या दावणीला बांधून आणली व्हय. बैठक हसली. तुम्ही सांगत राहिलात की आवाज माझा आहे, तर कुणीतरी म्हणालं, मशीनला काय तुझ्याशी वैर हाय का. हे सगळं मला नंतर कळलं. तुम्ही भर दुपारी घरी आलात. घरात काय झालं ते पुढं लिहिते.

घरातून निघालात ते केजहून बीडची एसटी धरलीत. बीडहून गेवराई. गेवराईहून जीप. तीन गाड्या बदलल्या, आबा, मधे एवढा वेळ गेला, कुणीतरी शेजारी बसलं असेल, तिकीट काढलं असेल, आणि तुमचा राग वाटेत कुठंच उतरला नाही. काका मेंढरांना पाणी पाजत होते. तुम्हाला बघून हसले म्हणे, कारण भांडणानंतर तुम्ही पहिल्यांदाच त्यांच्या दारी आला होता. तुम्ही विचारलं नाहीत, शिवी दिली नाहीत. काठी उलटी धरलीत, लोखंडी टोपण वर, आणि तोंडावर घातलीत. ते पडल्यावर पुन्हा दोनदा. दात पडले ते त्यांच्या नातवानं नंतर मातीतून वेचले. त्यांच्या घरात त्यांची सीडी टीव्हीजवळ ठेवलेली होती, ती आणवून टाचेखाली चिरडलीत. माणसं जमली तेव्हा तुम्ही म्हणत होता, माझ्या आवाजाला ह्यानं आपलं नाव लावलं, मशीननं ह्याची चोरी पकडली. पोलीस आले, तुम्ही आत गेलात, बाहेर आलात, आणि पुन्हा ओवीला बसलात. काका कधीच बसले नाहीत. त्या तोंडातून शब्दच सरळ निघेना.

आता परवाचं. म्हाताऱ्या कलावंतांना सरकारचं मानधन असतं, त्याच्या अर्जाला गायलेल्याचा पुरावा लागतो. म्हणून काका माझ्याकडं आले. म्हणाले, माजी शिडी तूच केलती, एखादी पडली असंल तर बघ. त्यांच्या सीड्या पाच-सातच निघाल्या होत्या. मी कॅसेटच्या दुकानापासून जपलेला जुना डबा काढला. एक सीडी सापडली, वरची शाई पुसलेली. मी अजून एक जुना ड्राइव्ह जपून ठेवलाय, त्यात घातली. ती पहिली यादी केव्हाच बंद पडली, पण तिची नक्कल दुसरीकडं चालू आहे, चुकांसकट. पडद्यावर नाव आलं. काकांचं, चकलांब्यासकट, मी टाकलेलं. त्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं, तर म्हातारा लहान पोरासारखा हसला. मग मी वाजवलं आणि तुमचा आवाज आला.

दुकानात आम्ही दोघंच होतो. बंद करायला माझा हात गेला तर त्यांनी तो धरला. तुमची ओळ संपली आणि झीलीची जागा आली तेव्हा त्यांचं तोंड आपसूक उघडलं. काहीतरी निघालं, त्याला सूर म्हणता येणार नाही. त्यांनी टॉवेल तोंडाला लावला. नंतर म्हणाले, "ह्यो तर तुजा आबा हाय. मग मशीन माजं नाव कावून सांगतंय? ऐकत न्हाई व्हय ते?"

"न्हाई काका. नुसतं मोजतं."

त्यांनी हनुवटी पुसली. मग त्यांनी विचारलं, "मारल्यावर म्हनला, मशीननं ह्याची चोरी पकडली. त्याला कुनी सांगितलं असंल गं, मशीन ऐकतं म्हनून?"

मी म्हणाले, पुढाऱ्यानं सांगितलं असेल. त्यांनी मान हलवली, म्हणाले, व्हय, त्यो लबाडच. मी पडद्याचा कागद छापला, वर त्यांचं नाव आणि खाली बारा ओव्या. त्यांनी विचारलं, आवाज त्याचा हाय, चालंल का. मी म्हणाले, चालतं, तहसीलमध्ये कोण ऐकतंय. त्यांनी अंगठा लावला. तुमच्या गाण्यावर आता त्यांचा अर्ज गेलाय, आबा, आणि तुम्ही जिवंत असता तर मला चिरलं असतं.

आता घरातलं. तुम्ही दुपारी आलात तेव्हा माय चुलीपुढं बसली होती, तुमच्याकडं पाठ करून. तुम्ही कोपऱ्यातली काठी उचललीत. ती कुणावर पडणार हे मला ठाऊक होतं, मायलाही ठाऊक होतं, तिनं मान आत घेतली होती. काठी वर उचललेली होती तेव्हाच तुम्ही माझ्याकडं वळलात. म्हणालात, "तुला मशीनचं कळतं. खरं सांग, मशीन ऐकतं का?" मशीनचं तुम्ही जगात फक्त माझंच खरं मानायचात, दोन एडके विकून शिकवलं होतंत मला. पाटोद्याच्या म्हाताऱ्याची गोष्ट माझ्या जिभेवर होती. एका वाक्यात सांगून झालं असतं. पण मग काठी घरातच राहिली असती.

मी म्हणाले, "ऐकतं, आबा. आवाज वळखतं."

मग माझा आवाज त्यानंच चोरलाय, म्हणालात, आणि काठी घेऊन तुम्ही निघून गेलात. मायनं वळून माझ्याकडं बघितलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिनं जन्मात त्यावर एक शब्द काढला नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघी दारात बसून पोटभर जेवलो, आणि चकलांब्यात तेव्हा काय चाललं असेल याचा मी घास खाताना एकदाही विचार केला नाही.

त्या यादीत नाव दुरुस्त करायची चौकट अजून आहे. काल उघडली होती, तुमचं नाव अर्धं लिहून पुसलं. हे पत्र मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर लिहितेय, छापणार नाही, दुकान बंद करताना पुसून टाकणार. काकांना खरं सांगायची माझी छाती नाही. त्यांचं तोंड बघितल्यापासून जेवण जात नाही, हे खरं आहे. आणि तुम्ही पुन्हा काठी घेऊन मायच्या पाठीमागं उभे राहिलात आणि मला तेच विचारलंत, तर मी पुन्हा ऐकतं असंच म्हणेन, हेही खरं आहे.